साडेसहा तास, वीस मिनिटं, सोळा दिवस

शुक्रवार, 9 जुलै 1976, दुपार
इटलीत, मिलानच्या उत्तरेला मेदा नावाचं गाव आहे. तिथल्या इक्मेसा कारखान्यात ट्रायक्लोरोफेनॉलची नवी बॅच सुरू झाली. तणनाशकं आणि जंतुनाशकं बनवायला हे रसायन लागतं. कारखाना जिव्हाउदां कंपनीचा, आणि ती स्विस औषध कंपनी हॉफमन-ला रोशच्या मालकीची. ही रासायनिक क्रिया जास्त तापली की डायॉक्सिन हे विष तयार होतं, हे त्या धंद्यात ठाऊक होतं. वाऱ्याच्या वाटेवर पुढे सेवेसो हे गाव. तिथे परसबागा होत्या, कोंबड्यांची खुराडी आणि सशांचे पिंजरे होते. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, म्हणजे मुलं दिवसभर अंगणात.

शनिवार, 10 जुलै, पहाटे 5 च्या सुमारास
क्रिया पूर्ण झाली होती, पण द्रावक उडवून टाकण्याचं काम अर्धवट होतं. निम्मा द्रावक काढायचा, तर जेमतेम 15 टक्के निघाला होता. त्यानंतर पाणी घालून मिश्रण थंड करायचं, तेही राहिलं. शनिवार-रविवार कारखाना बंद असतो, म्हणून वाफ बंद केली गेली आणि थोड्या वेळाने ढवळणी थांबवली. आतलं तापमान 158 अंश सेल्सिअस होतं.

सकाळी 6
रात्रपाळी घरी गेली. रिअ‍ॅक्टरकडे लक्ष ठेवायला कुणी उरलं नाही.

सकाळी 6 ते दुपारी 12.30
या अपघाताचं खरं कारण या शांत तासांत दडलेलं आहे. रिअ‍ॅक्टर तापवायची वाफ टर्बाइनमधून बाहेर पडणारी होती. शनिवारमुळे बाकीचे विभाग बंद होत गेले, टर्बाइनवरचा भार घटला आणि वाफ नेहमीच्या 190 अंशांऐवजी 300 च्या आसपास पोचली. ती मोजायची सोय तिथे नव्हती. मिश्रणाच्या पातळीवरची रिअ‍ॅक्टरची कोरडी भिंत वाफ बंद होण्याआधीच तापली होती. ढवळणी चालू असती तर ती उष्णता सगळ्या द्रवात पसरून विरली असती. आता ती फक्त वरच्या थराला लागत राहिली. तो थर 180-190 अंशांवर गेला आणि तिथून उष्णता सोडणारी एक संथ क्रिया आपसूक सुरू झाली. 230 अंशांपर्यंत धोका नाही, अशी कारखान्याची समजूत होती.

दुपारी 12.37
आतला दाब वाढून सुरक्षा-चकती फुटली. बाहेर पडणारा माल अडवून धरणारी टाकीच बसवलेली नव्हती, त्यामुळे सगळं थेट आकाशात गेलं. ही काटकसर मला अक्षम्य वाटते. चकतीने रिअ‍ॅक्टर वाचवला. माणसं वाचवायला टाकी लागली असती.

दुपारी 1 च्या सुमारास
वीसेक मिनिटांत मुख्य झोत ओसरला. ढग वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकला आणि सेवेसो, चेझानो मादेर्नो, देझिओ या गावांवर उतरला. उग्र वास आला, डोळे चुरचुरले. थोड्याच वेळात मुलं पुन्हा खेळायला लागली, बायकांनी बागेतली भाजी खुडली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

रविवार, 11 जुलै
कारखान्याची माणसं सेवेसोच्या महापौरांना भेटली. तणनाशकाशी संबंधित वाफ सुटली आहे, एवढंच त्यांनी कळवलं. डायॉक्सिन हा शब्द त्यात नव्हता.

सोमवार, 12 जुलैपासून पुढे
कारखान्याचे बाकीचे विभाग सुरू झाले. झाडांची पानं करपली. कोंबड्या, ससे, मांजरं मरायला लागली. मुलांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर भाजल्यासारखे डाग उठले, काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरांना विष कोणतं तेच माहीत नव्हतं. ते उपचार तरी कशावर करणार? भाजीपाला खाऊ नका, अशी ताकीद निघाली तोवर लोक बागेतलंच खात होते. सुटलेल्या मालात डायॉक्सिन आहे, हे कंपनीने अधिकृतपणे मान्य करायला दहा दिवस घेतले.

मी तरी अपघातापेक्षा या दहा दिवसांचा गुन्हा मोठा मानेन. ढग वीस मिनिटांचा होता, पण माती, गवत आणि भाजीतून विष रोज पोटात जात राहिलं. युरोपने 1982 मध्ये केलेल्या कायद्याला सेवेसोचंच नाव मिळालं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे 1989 चे धोकादायक रसायनांचे नियम आले. कारखान्यात काय धोका आहे आणि अपघात झाला तर काय करायचं, हे आसपासच्या लोकांना आधीच सांगणं या नियमांनी बंधनकारक केलं. तारापूर, लोटे, डोंबिवलीच्या रासायनिक पट्ट्यातल्या शाळांनी ही माहिती लेखी मागून घेतली पाहिजे.

सोमवार, 26 जुलै
सोळाव्या दिवशी सर्वांत विषारी भागातली घरं रिकामी करायला सुरुवात झाली. पुढे हलवलेल्या लोकांची संख्या सातशेच्या वर गेली. मागे राहिलेली जनावरं मारून टाकावी लागली. 1978 पर्यंत त्यांचा आकडा हजारोंच्या घरात पोचला.

1977 चे पहिले महिने
शाळा पुन्हा भरल्या होत्या. वर्गावर्गांत मुलांची त्वचा तपासली गेली, तेव्हा क्लोरअ‍ॅक्नेचे आणखी रुग्ण सापडले. हा डायॉक्सिनमुळे होणारा चिवट त्वचारोग आहे. एकूण नोंद 193 जणांची झाली. त्यातली बहुतेक लहान मुलं होती.