हार्ट अटॅकनंतर पुढे काय? हृदयाचा स्कॅन भविष्य कितपत सांगतो

घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला की दोन-चार दिवसांत फॅमिली ग्रुपवर टूडी इकोच्या रिपोर्टचा फोटो येतो. त्यात एक ओळ असते, 'एलव्हीईएफ ३५ टक्के'. मग कुणीतरी गूगल करतं आणि 'हृदय फक्त ३५ टक्केच चालतंय' असं सांगून सगळ्यांना घाबरवून सोडतं. हा आकडा महत्त्वाचा आहे यात वाद नाही. पण त्याचा अर्थ तसा नाही आणि तो कायमचाही नाही. कसं ते बघूया.

ईएफ म्हणजे नक्की काय?

हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीराला रक्त पुरवतो. इकोमध्ये ध्वनिलहरींनी या कप्प्याचा हलता व्हिडिओ मिळतो. समजा, कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात १२० मिली रक्त आहे आणि एका ठोक्यात त्यातलं ७० मिली बाहेर पडलं, तर ईएफ झाला साधारण ५८ टक्के. निरोगी हृदयसुद्धा पूर्ण रिकामं होत नाही. नॉर्मल ईएफ साधारण ५५ ते ७० टक्के असतो. म्हणून ३५ ची तुलना १०० शी नाही, तर या रेंजशी करायची.

या आकड्यावरून भविष्य कसं कळतं?

ईएफ खूप कमी असेल तर हार्ट फेल्युअरचा आणि ठोक्यांची लय अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णांच्या छातीत कातडीखाली आयसीडी नावाचं छोटं यंत्र बसवतात. लय बिघडली की ते आतूनच शॉक देतं.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-२ या चाचणीत १,२३२ रुग्ण होते. सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला होता आणि सगळ्यांचा ईएफ ३० किंवा त्याहून कमी होता. सरासरी २० महिन्यांत आयसीडी नसलेल्या गटातले १९.८ टक्के रुग्ण दगावले, तर आयसीडी असलेल्या गटातले १४.२ टक्के. म्हणजे यंत्राने जीव वाचले. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचा. यंत्र नसलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्के लोक त्या काळात जगले. कमी ईएफ म्हणजे वाढलेला धोका, शिक्षा नव्हे.

पहिल्या आठवड्यातला आकडा फायनल का नसतो?

अटॅकमध्ये रक्त न मिळाल्याने काही स्नायू मरतो. पण त्याच्या आजूबाजूचा काही स्नायू जिवंत असूनही काही दिवस किंवा आठवडे काम थांबवतो, जणू बधिर झालेला असतो. इकोमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, न हलणारे. ब्लॉक उघडून रक्तपुरवठा सुरू झाला आणि औषधं नीट चालू राहिली, तर बधिर भाग पुन्हा हलू लागतो आणि ईएफ वाढतो.

म्हणूनच आयसीडीचा निर्णय घेण्याआधी अटॅकनंतर किमान ४० दिवस थांबतात. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर साधारण ९० दिवस. मग इको पुन्हा करतात. घाई करून फायदा होत नाही, हे २००४ च्या डायनामिट चाचणीत दिसलं. अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांत आयसीडी बसवल्यावर लय बिघडून होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

एमआरआय जास्त काय दाखवतो?

मेलेला स्नायू आणि बधिर स्नायू यांतला फरक कार्डियाक एमआरआयमध्ये कळतो. शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध देऊन साधारण १० मिनिटांनी फोटो काढतात. मेलेल्या भागात हे औषध रेंगाळतं, त्यामुळे तिथला वण पांढरा चमकतो आणि जिवंत स्नायू काळा दिसतो.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात रक्तपुरवठा सुधारण्याआधी असे फोटो काढले. भिंतीच्या ज्या तुकड्यांत वण नव्हता, त्यांतल्या ७८ टक्के तुकड्यांची हालचाल नंतर सुधारली. जिथे वण भिंतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त जाडीत पसरला होता, अशा ५८ तुकड्यांपैकी फक्त एक सुधारला. म्हणजे आज दोघांचा ईएफ ३५ असला, तरी वण किती मोठा आहे यावर दोघांचं पुढचं चित्र वेगळं असू शकतं.

यात एआय कुठे येतं?

वणाच्या कडेला मेलेले आणि जिवंत तंतू एकमेकांत मिसळलेले असतात. ठोक्याचा विद्युत संदेश तिथे अडखळतो, गोल फिरतो आणि लय बिघडते. त्यामुळे वण किती मोठा आहे इतकंच पुरत नाही, त्याचा आकार कसा आहे हेही महत्त्वाचं ठरतं. हा आकार एका आकड्यात मावत नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या नतालिया त्रायानोवा यांच्या टीमने २०२२ मध्ये यावर एक न्यूरल नेटवर्क प्रसिद्ध केलं. एमआरआयमधला वण आणि रुग्णाची इतर माहिती दिली की ते पुढच्या १० वर्षांतला लय बिघडून अचानक मृत्यू येण्याचा धोका वर्षागणिक काढतं.

त्याची अचूकता अशी समजा. दोन रुग्णांपैकी कुणाला आधी धोका आहे, हे नाणं उडवून ठरवलं तर १०० पैकी ५० वेळा बरोबर येईल. या मॉडेलचा स्कोअर स्वतःच्या १५६ रुग्णांच्या डेटावर तपासला तेव्हा ८३ होता. बाहेरच्या केंद्रांतल्या ११३ नव्या रुग्णांवर तो ७४ वर आला. नाण्यापेक्षा नक्कीच चांगला, पण घरच्या डेटावर हुशार असलेलं मॉडेल बाहेर गेलं की थोडं अडखळतंच. शिवाय रुग्णसंख्या लहान आहे. म्हणून असा स्कोअर डॉक्टरांच्या हातातलं एक साधन म्हणूनच बघायचा.

मग रिपोर्ट हातात आला की काय करायचं?

रिपोर्टचा फोटो चॅटबॉटला देऊन 'किती वर्षं?' असं विचारू नका. त्याच्यासमोर ना व्हिडिओ असतो ना वण. त्याऐवजी डॉक्टरांना हे विचारा:

- हा इको अटॅकनंतर कितव्या दिवशीचा आहे आणि पुढचा कधी करायचा?
- न हलणारा भाग मेला आहे की सुधारू शकतो? त्यासाठी एमआरआयचा उपयोग होईल का? (किडनीचा त्रास असेल तर गॅडोलिनियम देण्याआधी सांगा.)
- दुसऱ्या इकोनंतरही ईएफ ३५ किंवा कमी राहिला, तर आयसीडी लागेल का?

पुढच्या इकोची तारीख आजच मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनाने बंद होत नाहीत ना, यावर लक्ष ठेवा. पहिला आकडा बदलता येत नाही, दुसरा मात्र बऱ्याचदा सुधारतो.