मातीचा वारसा : एट्रुस्कन शिल्पे, तीन बनावट योद्धे आणि मारिनो मारिनीचे घोडे

१/९
१९३३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मातीचे दोन योद्धे आणि शिरस्त्राण घातलेले एक प्रचंड मस्तक प्रदर्शनात मांडले गेले. भाजलेल्या मातीची ही शिल्पे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची, एट्रुस्कन लोकांनी घडवलेली मानली गेली. प्रत्यक्षात त्यांचे वय पंचवीस वर्षेही नव्हते.

२/९
एट्रुस्कन कोण? रोमचे साम्राज्य उभे राहण्यापूर्वी मध्य इटलीत, आजच्या तोस्काना प्रांतात व त्याच्या आसपास, नांदलेली ही संस्कृती. मृण्मय शिल्पकलेत तिचा हातखंडा होता. चेर्वेतेरी येथे सापडलेल्या शवपेटीवर मंचकावर रेललेले स्मितमुख पतिपत्नी आहेत. वेई येथील अपोलो १९१६ साली उजेडात आला आणि तार्क्विनियाचे पंख असलेले घोडे १९३८ साली. ही सारी भाजलेल्या मातीची किमया.

३/९
अशा वस्तूंना पाश्चात्त्य संग्रहालयांत मोठी मागणी होती. ती ओळखून ऑर्व्हिएतो येथील रिकार्डी कुटुंब आणि त्यांचा साथीदार आल्फ्रेदो फिओरावांती यांनी हे योद्धे घडवले. एवढी मोठी मूर्ती मावेल अशी भट्टी त्यांच्याकडे नव्हती. म्हणून मूर्ती घडवून ती फोडायची, तुकडे भाजायचे आणि उत्खननातील अवशेष म्हणून विकायचे, असा हा उद्योग होता.

४/९
बिंग फोडले ते रसायनशास्त्राने. योद्ध्यांवरील काळ्या झिलईत मँगनीज आढळले. एट्रुस्कन कारागीर काळ्या झिलईसाठी ते वापरत नसत, असे मानले जात होते. जानेवारी १९६१ मध्ये फिओरावांतीने रोममध्ये लेखी कबुली दिली. एका योद्ध्याच्या हाताला अंगठा नव्हता. तो त्याने आठवण म्हणून स्वतःजवळ जपला होता. तो त्या हाताला तंतोतंत बसला. मग संग्रहालयानेही हे योद्धे बनावट असल्याचे जाहीर केले.

५/९
त्याच काळात, त्याच वारशाकडे दुसरा एक कलावंत वेगळ्या नजरेने पाहत होता. मारिनो मारिनीचा जन्म १९०१ साली तोस्कानातील पिस्तोइया येथे झाला. एट्रुस्कनांना तो आपले पूर्वज मानत असे. १९२९ साली त्याने 'पोपोलो', म्हणजे 'लोक', हे मृण्मय शिल्प घडवले : शेजारी शेजारी बसवलेल्या स्त्रीपुरुषांच्या दोन अर्धमूर्ती. चेर्वेतेरीचे दांपत्य त्यांत डोकावते; चेहरे मात्र मारिनीच्या काळातील साध्या कष्टकऱ्यांचे आहेत.

६/९
पुढे घोडा आणि स्वार हाच त्याचा ध्यास झाला. माती, लाकूड, प्लास्टर, कांसे अशा नाना माध्यमांतून त्याने तो घडवला. युरोपात अश्वारूढ पुतळा म्हणजे सत्तेची द्वाही : रोममधील मार्कस ऑरेलियसचा कांस्यपुतळा हे तिचे ठळक उदाहरण. मारिनीचा स्वार मात्र उघडावाघडा आहे. त्याच्या हाती ना शस्त्र, ना लगाम.

७/९
दुसऱ्या महायुद्धात मारिनीचा स्टुडिओ बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि त्याने स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. त्यानंतरच्या शिल्पांत घोडा बिथरतो, मान ताणतो. स्वाराचा तोल जातो. 'मिराकोलो', म्हणजे 'चमत्कार', या मालिकेत तर तो कोसळतानाच दिसतो. शतकाच्या यातनांमुळे आपले घोडे अस्वस्थ होत गेले, असे मारिनी स्वतः सांगत असे. १९५२ साली व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनात त्याला शिल्पकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

८/९
गंमत अशी की, जुनेपणाचा आभास मारिनीलाही प्रिय होता. कांस्यपृष्ठ तो छिन्नीने खरवडी, त्यावर रंग चढवी. जणू मूर्ती नुकतीच जमिनीतून वर आली आहे. मग रिकार्डींत आणि त्याच्यात फरक कोणता? रिकार्डींनी आपले नाव पुसले, खोटा काळ सांगितला आणि त्या काळाचा पुरावाच गढूळ केला. त्यांच्या योद्ध्यांवरून एट्रुस्कन कलेविषयी अभ्यासकांनी मांडलेले निष्कर्ष पुढे मोडीत काढावे लागले. मारिनीने आपले नाव आणि आपला काळ दोन्ही शिल्पावर राहू दिले.

९/९
ते योद्धे प्रदर्शनातून हटवले गेले. मारिनीचे घोडे मात्र फ्लॉरेन्समध्ये, एका जुन्या चर्चच्या वास्तूतील त्याच्याच नावाच्या संग्रहालयात, आजही पाहता येतात. १९८० साली मारिनीचे निधन झाले. त्याच्या स्वाराकडे पाहताना एट्रुस्कनांची आठवण होते, पण तो पडतो आहे तो विसाव्या शतकात, याविषयी शंका उरत नाही.