संक्रांतवेल

टेटू कुलातील (बिग्नोनिएसी) सदाहरित, काष्ठमय महावेल. शास्त्रीय नाव पायरोस्टेजिया व्हीनस्टा. प्रजातीचे नाव ग्रीकमधील अग्नी व छप्पर या अर्थांच्या शब्दांवरून पडले. जानेवारीत गॅरेजच्या पत्र्यावर पसरलेली वेल ज्याने पाहिली आहे, त्याला ते पटवून द्यावे लागत नाही.

मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. ब्राझील, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा हे तिचे माहेर. ब्राझीलमध्ये २४ जूनला येणाऱ्या संत जॉनच्या सणाच्या सुमारास ती फुलते, म्हणून तिथे ती त्या संताची वेल. आपल्याकडे बहर संक्रांतीला, म्हणून संक्रांतवेल. महिने वेगळे, ऋतू मात्र एकच, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला जूनमध्ये थंडी असते.

पाने समोरासमोर, दोन किंवा तीन पर्णिकांची; मधल्या पर्णिकेच्या जागी बहुधा तीन फाट्यांचा तणावा असतो आणि वेल चढते ती त्याच्याच जोरावर. फुले नारिंगी, नळीसारखी, ५–७ सेंमी. लांब, घोसांनी लोंबणारी. पाकळ्यांची टोके मागे वळतात, पुंकेसर बाहेर डोकावतात. माहेरी परागणाचे काम हमिंगबर्ड करतात. इथे मधासाठी शिंजीर येतात, पण शेंगा क्वचितच धरतात. त्यामुळे बियांच्या नादी न लागता पावसाळ्यात छाट कलम किंवा दाब कलम करावे. दाब कलम जास्त भरवशाचे.

जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत किंवा नत्रखत जास्त झाल्यास वेल पानांनीच माजते. आधार लोखंडी कमानीचा किंवा भक्कम मांडवाचा द्यावा. कामट्या-सुतळीचा मांडव दोन-तीन वर्षांत खाली येतो. खरी चूक होते ती छाटणीत. फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, म्हणून बहर ओसरताच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वेल निर्धास्तपणे छाटावी. पावसाळ्यानंतर कात्री लावली की येऊ घातलेल्या कळ्याच जातात. ‘आमची वेल फुलत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा दिवाळीच्या साफसफाईचा उत्साह असतो.

आंब्यावर किंवा शेजारच्या झाडावर ती सोडू नये. शेंडा गाठून ती झाडाचे ऊन अडवते; ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात तिची गणना तणात होते.