जुन्या रायफलीचा दस्ता: वॉर्निश काढून तेलाचा हात कसा द्यायचा?

चिंचवडला आमच्या माळ्यावर काकांची छऱ्याची रायफल पडून होती. दस्त्यावरचं वॉर्निश काळपट, चिकट झालेलं. (परवान्याचं हत्यार असेल तर ते परवानाधारक गनस्मिथकडेच न्या.) आत छर्रा नाही हे बघून आधी नळी आणि दस्ता वेगळे केले.

वॉर्निश घासून काढायचा मोह टाळा. पेंट रिमूव्हर लावा, ते फुगलं की प्लास्टिकच्या पट्टीने ओढा. खिडक्या उघड्या आणि हातमोजे हवेतच. पोचे घासू नका. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू वर येतात. मग 180, 240, 320 नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. कोरलेले शिक्के असतील तिथे पेपर लावूच नका, ते गेले की गेले.

किराणा दुकानातलं जवसाचं तेल लवकर वाळत नाही. रंगाच्या दुकानातून बॉइल्ड लिनसीड घ्या. पातळ हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पाच हात दिले, आणि एमआयडीसीची धूळ बसू नये म्हणून दस्ता आतल्या खोलीत टांगला. नळीची खाच आणि मागचं टोक विसरू नका. तिथून लाकूड पावसाळ्यात दमट हवा पितं, फुगतं आणि नेम हलतो.

आता फडक्याचं. हे तेल ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता सुटते. बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. माझं बाल्कनीतल्या बादलीत धुमसत होतं, शेजारी थिनरचा डबा! तेव्हापासून फडकी आधी पाण्यात भिजवतो, मग दोरीवर एकेक मोकळी पसरतो.