तंजावरच्या दरबारातील ल्यूथरपंथी धर्मज्ञ

मराठीच्या विद्यार्थ्याला आधुनिकपूर्व काळातील ख्रिस्ती धर्मज्ञ विचारला, तर तो एकच नाव सांगतो : फादर थॉमस स्टीफन्स. 1616 साली छापलेले 'ख्रिस्तपुराण', त्याची ओवी आणि मराठी भाषेचे त्यातील कौतुक अभ्यासक्रमात पक्के बसलेले आहे. स्टीफन्स जेझुइट, म्हणजे रोमन कॅथलिक. त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी दुसरा एक ख्रिस्ती धर्मज्ञ एका मराठी राजाच्या दरबारात वावरू लागला. तो जर्मन होता आणि ल्यूथरच्या पंथाचा होता. दरबाराची भाषा म्हणून तो मराठी शिकला आणि अखेर एका भोसले राजपुत्राचा पालक झाला. त्याचे नाव क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ (1726–1798). आमच्या वाङ्मयेतिहासांत हे नाव आले तर तंजावरच्या प्रकरणात, तेही सरफोजीचे शिक्षक म्हणून, एका वाक्यात येते. त्या एका वाक्यात मराठी साहित्याचा एक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते, म्हणून हा लेख.

बाळापुरात बसून तंजावरविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. वऱ्हाडात ख्रिस्ती मिशने आली ती एकोणिसाव्या शतकात. ल्यूथरपंथी धर्मज्ञ आमच्या मन-म्हैस संगमावर कधी उतरला नाही. मात्र येथील किल्ल्याचे काम अचलपूरच्या नवाबाने 1757 साली पुरे केले, त्या सुमारास गावात नक्शबंदी सूफींची जुनी खानकाह नांदत होती. तिचे शाह इनायतुल्ला यांच्या घराण्यातील कमरुद्दीन औरंगाबादी यांनी त्याच शतकात 'मज़हरुन्नूर' हा अस्तित्वाच्या स्वरूपाची चर्चा करणारा ग्रंथ अरबीत लिहिला. तो मराठीत नाही, म्हणून मराठीच्या इतिहासात नाही. आपण इतिहास भाषेच्या कप्प्यांत लावतो आणि धर्मचिंतन मात्र एका कप्प्यात राहत नाही, याची खूण आमच्या गावातच आहे. श्वार्ट्झचे प्रकरण याच जातीचे, फक्त अधिक गुंतागुंतीचे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगू. तंजावरच्या नायक राजाने 1620 साली समुद्रकाठचे तरंगमबाडी डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना वार्षिक खंडावर दिले. पुढे एकोजीने तंजावर घेतले आणि डॅनिश लोकांचा खंड भोसल्यांकडे येऊ लागला. डेन्मार्कचा राजा ल्यूथरपंथी. त्याने 1706 साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन धर्मोपदेशक तेथे पाठविले. त्सीगेनबाल्गने बायबलचा नवा करार तमिळमध्ये आणला, तमिळचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले आणि दक्षिणेतील देवतांच्या वंशावळीवर असा ग्रंथ रचला की तो छापण्याचे धैर्य त्याच्या वरिष्ठांना झाले नाही. तो 1867 साली प्रसिद्ध झाला. हे सारे भोसल्यांच्या खंडकऱ्यांच्या गावात घडत होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

श्वार्ट्झ या परंपरेत दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. जन्म ब्रांडेनबुर्गमधील झोनेनबुर्ग या गावी, शिक्षण हाल्ले येथे. हाल्लेचे वैशिष्ट्य सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. तेथे ऑगस्ट हेर्मान फ्रांकं याने ल्यूथरपंथाला एक निराळे वळण दिले होते. धर्ममताच्या काटेकोर मांडणीपेक्षा अंतःकरणाचा पालट महत्त्वाचा आणि तो आचरणात दिसला पाहिजे, असे हे वळण. त्याच्या जोडीला अनाथाश्रम, औषधशाळा, छापखाना आणि शाळा. या शाळांत मुलांना बायबलबरोबर भूगोल, सृष्टिज्ञान, उपकरणांची ओळख दिली जाई, कारण सृष्टी पाहणे म्हणजे स्रष्ट्याची करणी पाहणे अशी त्यामागची भावना होती. तरंगमबाडीहून परतलेला बेन्यामिन शुल्त्झ हाल्लेत तमिळ बायबल छापण्याच्या खटपटीत होता. त्याला मदत म्हणून श्वार्ट्झ तमिळ शिकला. ते बायबल तेथे छापले गेले नाही, पण शिकलेली भाषा वाया गेली नाही. 1750 साली तो हिंदुस्थानात उतरला आणि चार महिन्यांत त्याने तमिळमध्ये पहिले प्रवचन केले. पुढे तिरुचिरापल्ली, 1769 मध्ये तंजावरच्या तुळजाजीची पहिली भेट आणि 1778 पासून तंजावरातच मुक्काम. तो परत गेला नाही, लग्न केले नाही.

या माणसाचे लेखन कोणते? येथे साहित्याचा अभ्यासक अडखळतो. त्याच्या नावावर मोठा धर्मग्रंथ नाही. आहेत ती पत्रे आणि दैनंदिनीची पाने. ती हाल्लेला जात, तेथे वृत्तांतमालेत छापली जात, आणि लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेकडेही जात. आम्ही हे लेखन गौण मानीत नाही. अंतःकरणपालटाला महत्त्व देणाऱ्या पंथात पत्र आणि दैनंदिनी याच धर्मचिंतनाच्या खऱ्या जागा होत्या. सिद्धांत तेथे प्रसंगातून मांडला जाई.

याचा उत्तम नमुना म्हणजे त्याचे 1794 चे पत्र. आदल्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात कंपनीच्या सनदेवर चर्चा झाली. त्या वेळी माँटगोमेरी कॅम्पबेल या सभासदाने मिशनऱ्यांची टर उडविताना एक किस्सा सांगितला : चोरीच्या पापावर श्वार्ट्झ तासन्‌तास प्रवचन करीत असता त्याने गळपट्टा काढून ठेवला आणि त्याच्याच एका धर्मांतरित श्रोत्याने त्यावरचे सोन्याचे बक्कल लांबविले. श्वार्ट्झने जे उत्तर लिहिले ते वाचनीय आहे. गळपट्टा गेला होता हे तो मान्य करतो. सतरा वर्षांपूर्वी तिरुचिरापल्लीहून तंजावरला जाताना पुदलूर गावाजवळ वाळूच्या ढिगावर तो काढून ठेवला होता, काही पोरांनी तो नेला. बक्कल सोन्याचे नव्हते. तसले आपण आयुष्यात कधी वापरले नाही. गावकरी पोरांना शिक्षा करायला तयार होते, आपणच नको म्हटले. आणि त्या गावात एकही ख्रिस्ती कुटुंब नव्हते. आवाज कोठेही चढत नाही. एकेक तपशील जागच्या जागी ठेवून समोरच्या विधानाचा पायाच काढून घ्यायचा, ही त्याची रीत.

पण याच पत्रात आम्हांला खटकणारी गोष्टही आहे. ते गाव कळ्ळरांचे, आणि कळ्ळर म्हणजे चोरच, तेव्हा त्यांच्या पोरांनी चोरी केली यात नवल काय, असे तो सहज लिहून जातो. आपल्या ख्रिस्ती लोकांवरील सरसकट आळ खोडताना दुसऱ्या एका जातीवर सरसकट आळ घेतो आणि ते त्याला जाणवत नाही. पुढे इंग्रजी राज्यात अशाच सरसकट समजुतीचा कायदा झाला आणि अनेक जातींना पिढ्यान्‌पिढ्या त्याचे चटके बसले. चर्चमध्ये जातवार वेगळे बसण्याची चालही त्याने मोडली नाही. तंजावरचा संत म्हणून त्याची चरित्रे लिहिणाऱ्या इंग्रजांनी या बाजूला फारसे डोळे लावले नाहीत.

त्याच पत्रात एक प्रसंग उलट्या दिशेचाही आहे. एका नृत्यशिक्षकाला आणि त्याच्या शिष्येला त्याने सांगितले की अपवित्र माणसाला स्वर्गात प्रवेश नाही. तेव्हा ती मुलगी म्हणाली की मग युरोपियनांपैकी क्वचितच कोणी तेथे पोहोचेल. श्वार्ट्झने हे उत्तर लपविले नाही. लंडनच्या वाचकांना तो ते मुद्दाम ऐकवतो.

दुष्काळाचा भागही येथेच येतो. हैदरअलीशी बोलणी करण्यासाठी कंपनीने 1779 मध्ये श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास धाडले होते. त्यातून काही निष्पन्न झाले नाही आणि पुढच्याच वर्षी हैदरची फौज कर्नाटकात उतरली. तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्न दशा झाली. धान्य खेड्यांत होते, पण पूर्वी वाहतुकीचे पैसे बुडाल्यामुळे शेतकरी बैल देईनात, राजाच्या शब्दावर किंवा कंपनीच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झने स्वतः जामीन राहून हमी दिली. एक-दोन दिवसांत हजार बैल आले आणि लवकरच ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. पैसे त्याने ठरल्याप्रमाणे दिले. ज्या तंजावरावर नवाब, कंपनी आणि स्वतःचा राजा असे तिघे कर वसूल करून बसले होते, तेथे एका परक्या धर्मोपदेशकाची पत चालावी, ही त्या राज्यकारभारावरची टीकाच होती.

आणि पत हीच पुढे राजकारणात ओढली गेली. 1787 च्या जानेवारीत मरणोन्मुख तुळजाजीने भोसले कुळातील दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि त्याला श्वार्ट्झच्या हाती सोपवू पाहिले. श्वार्ट्झने राज्याची जबाबदारी नाकारली. राजाचा भाऊ अमरसिंह याला पालक नेमावे, असा सल्ला दिला. राजा वारल्यावर अमरसिंहाने गादीवरच हक्क सांगितला. दत्तविधानावर तीन आक्षेप निघाले : राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, मुलाचे वय शास्त्राने सांगितलेल्यापेक्षा अधिक होते आणि तो आपल्या बापाचा एकुलता एक मुलगा होता. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविले, कंपनीने अमरसिंहाला गादी दिली. सरफोजी वाड्यात जवळजवळ कैदेत पडला, त्याच्या शिक्षणाची हेळसांड झाली. तेव्हा श्वार्ट्झने तक्रारींचा पिच्छा पुरविला आणि 1793 मध्ये मुलाला व तुळजाजीच्या राण्यांना मद्रासला हलविण्यात आले. पंडितांचा निर्णय स्वच्छ नव्हता याची श्वार्ट्झला खात्री पटली होती; त्याने कंपनीच्या वरिष्ठांना लिहून फेरविचार मागितला. बंगाल आणि काशीच्या पंडितांची मते घेण्यात आली आणि दत्तक सशास्त्र ठरला.

ल्यूथरचा एक अनुयायी दत्तकमीमांसेच्या वादात शिरतो, हे दृश्य विलक्षण आहे. ल्यूथरने परंपरेच्या अधिकाराविरुद्ध ग्रंथाचा अधिकार उभा केला होता. येथे त्याचा अनुयायी आपला ग्रंथ बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या ग्रंथाचा प्रामाणिक अर्थ लागावा म्हणून झगडतो. स्वतःच्या शिष्याचा हक्क त्याने ख्रिस्ती न्यायाने मागितला नाही, शास्त्रीबुवांच्या शास्त्राने मागितला.

सरफोजी 29 जून 1798 रोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला वारला होता. सोहळा पाहिला नाही, आणि त्यानंतरचे पाहिले नाही हेही बरेच. 1799 च्या ऑक्टोबरात तह झाला आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे मुख्यतः किल्ला आणि तनखा उरला. श्वार्ट्झने न्याय्य वारस मिळवून दिला, पण तो ज्यांच्या दरबारी मागितला त्यांनी किंमत वसूल केली. त्याच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. त्याच्या पत्रांत कंपनीच्या न्यायबुद्धीवरचा जो भरवसा दिसतो तो मात्र भाबडा होता असे म्हणावे लागते.

राज्य गेलेल्या या राजाने जे केले ते मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक आहे. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्याने वाढविला, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले, नवविद्याकलानिधी शाळा काढली, देवनागरी छापखाना चालविला आणि 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' छापून काढले. याच सरफोजीने 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेला डोंगरी कुरवंजी भविष्य सांगते आणि ओघात आपल्या डोंगरांचे, देशाचे वर्णन करते. सरफोजीच्या मराठी नाटकात ही कुरवंजी इंद्राणीला साऱ्या पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. खंडे, देश, समुद्र. आमच्या समीक्षकांनी याकडे राजाची लहर म्हणून पाहिले आहे.

आता शेजारच्या भाषेत पाहू. श्वार्ट्झच्या तंजावरच्या शाळेत सरफोजीच्याच काळातला दुसरा विद्यार्थी होता वेदनायगम शास्त्री (1774–1864), पुढे तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून प्रसिद्ध झालेला. त्याने 1800 साली 'बेथलेहेम कुरवंजी' रचली. तीतही भूगोल आहे, खगोल आहे, सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी आहे. एक शिष्य ख्रिस्ती, एक शैव राजा. एक तमिळमध्ये लिहितो, एक मराठीत. आणि दोघेही त्याच लोकनाट्याच्या तोंडून नवे सृष्टिज्ञान वदवितात. हा योगायोग मानणे आम्हांला कठीण वाटते. दोघांच्या मागे हाल्लेची वर्गखोली आहे. वेदनायगमने सृष्टीतून स्रष्ट्याकडे जाण्याची वाट पूर्ण चालली, सरफोजी सृष्टीपाशी थांबला. तो ख्रिस्ती झाला नाही, गुरूच्या हयातीत नाही आणि नंतरही नाही. स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी पुराणाच्या साच्यात ओतली. श्वार्ट्झच्या बाबतीत कथा बाहेरच राहिली आणि शिकविण्याची पद्धत तेवढी मराठीत आली, तीही दुसऱ्याच्या लेखणीतून. अशा प्रभावाला आमच्या वाङ्मयेतिहासांत रकाना नाही. भाषांतर, अनुकरण, आश्रय यांच्या नोंदी होतात. वर्गात बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलाची होत नाही.

'देवेंद्र कुरवंजी' तंजावरच्या सरस्वती महालाने छापलेली आहे, तेव्हा ज्याला तपासायचे आहे त्याला ती दुर्लभ नाही. वेदनायगमच्या कृतीशी तिची ओळीने तुलना करण्यास दोन्ही भाषा येणारा विद्यार्थी हवा. तंजावरला गेल्यास त्याने शिवगंगा किल्ल्यातले जुने चर्चही पाहावे. सरफोजीने लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तेथे आहे : मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला राजा. गुरूच्या थडग्यावरील शिळेसाठी सरफोजीने स्वतः पद्य रचले. ते इंग्रजीत आहे.