सीतेने काढलेला अंगठा

रावण दिसायचा कसा, काढून दाखव, असा हट्ट कैकेयीने धरला. सीता म्हणाली, मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलंच नाही. दिसला तो पायाचा अंगठा. तिने भिंतीवर तेवढाच अंगठा काढला. उरलेला रावण कैकेयीने पुरा केला आणि रामाला बोलावून दाखवला. गरोदर सीता रानात गेली.

वाल्मीकींच्या उत्तरकांडात हे नाही. तिथे लोकापवादाचं कारण आहे. अंगठ्याची गोष्ट आपल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांतून सांगितली. मी ती मुळशीकडच्या माझ्या आजीकडून ऐकली. तिच्या लेखी सीता देवी नव्हतीच, सासुरवाशीण होती.

भल्या पहाटे दोन जावा जात्याशी समोरासमोर बसत. एकीचा हात खुंट्यावर, तिच्याच हातावर दुसरीचा. मोकळ्या हाताने मूठमूठ जोंधळा वैरायचा. घरातले पुरुष झोपलेले असत आणि घरघरीत शब्द समोरच्या बाईपलीकडे फारसे जात नसत. रामाला बोल लावायला घरात एवढी एकच जागा होती. दिवसाउजेडी त्याच रामाला हात जोडायचे! या ओव्यांत रानात रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला माणूस कोणी येत नाही, बोरीबाभळीच तिच्या शेजारणी होतात.

सोळाव्या शतकात बंगालात कवयित्री चंद्रावतीनेही हीच चित्राची गोष्ट सांगितली. ती आजच्या बांगलादेशातल्या किशोरगंजकडची. तिच्या रामायणात कैकेयीची मुलगी कुकुया सीतेच्या मागे लागते आणि रावण निघतो तो पंख्यावर. इतक्या दूरच्या बायकांनाही सीतेच्या वनवासाचं हेच कारण पटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन्हीकडे तिच्यावर डाव टाकणारी घरातलीच बाई आहे. पण चित्र पाहून शहानिशा न करणारा राम या गाणाऱ्यांनी मोकळा सोडलेला नाही.

इरावती कर्वे यांचं महाभारतावरचं ‘युगान्त’ आलं १९६७ साली. पुस्तक चिकित्सेचं, पण द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी बाई स्वतःचा प्रसंग रचतात. महाभारतात द्रौपदी हिमालयात कोसळते तेव्हा भीम धर्मराजाला विचारतो, ही का पडली? उत्तर ऐकून सगळे पुढे चालू लागतात. कर्व्यांचा भीम तिच्याजवळ येतो.

पुराणातल्या स्त्रियांच्या बाजूने लिहिलेल्या मराठी पुस्तकांची चर्चा बहुधा इथून सुरू होते. मला ते मान्य नाही; ती बाजू जात्यावर आधीच मांडली गेली होती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून लाखाहून जास्त ओव्या टिपल्या, गाणारीच्या नावागावासकट. कॉलेजात ‘युगान्त’ शिकवताना त्यांतल्या सीतेच्या ओव्याही नेमाव्यात, आणि लेखिका म्हणून त्या बायकांची नावं छापावीत.