पाय ओढणे नव्हे, फिरकी घेणे!

इंग्रजी कादंबरी वाचताना प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्य उलगडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अडथळा असतो तो वाक्प्रचाराचा. ‘किक द बकेट’ म्हणजे बादलीला लाथ मारणे नव्हे, तर मरण पावणे. मराठीतील मुसळधार पावसातही मुसळे पडत नाहीतच!

असे वाक्प्रचार विसंगत भासत असल्याने वाचक सावध होतो. खरी फसगत होते ती मराठीशी साम्य असलेल्या वाक्प्रचारांत. ‘पुल समवन्स लेग’ याचा अर्थ ‘पाय ओढणे’, अर्थात दुसऱ्याच्या प्रगतीत आडकाठी आणणे, असा घेतला जातो. प्रत्यक्षात तो आहे गमतीने फिरकी घेणे. एवढ्या चुकीने कादंबरीतील जिवलग मित्र वैरी ठरतो.

शाब्दिक आणि लाक्षणिक अर्थांच्या अदलाबदलीतून विनोद फुलवणारे स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे जन्मले. बीबीसी रेडिओवरील ‘द गून शो’ (१९५१-६०) आणि ‘पकून’ (१९६३) ही कादंबरी त्यांचीच. लाक्षणिक अर्थ ठाऊक नसल्यास असा विनोद निसटून जातो.

त्यामुळे वाक्प्रचार अडला, की प्रथम प्रसंग आणि बोलणाऱ्यांचे परस्परनाते पाहावे. नंतर शब्दकोशात त्यातील मुख्य नाम अथवा क्रियापदाखाली अर्थ शोधावा. शेवटी मराठी पर्याय निवडावा. मात्र शब्द नव्हे, भाव जुळायला हवा.